भंगारातला सुपरचार्जर आणि वडिलांची पद्मिनी

सातारा जिल्ह्यातील एका वाचकाने नाव प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर पत्र लिहिले आहे. त्यांच्या घरी वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी सुस्थितीत आहे आणि कागदपत्रे वडिलांच्याच नावावर आहेत. पसरणी घाटात मात्र ती तिसऱ्या गियरवर ओढत नाही, दुसरा टाकावा लागतो आणि मागे वाहनांची रांग लागते. मध्यंतरी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्यांना ईटन कंपनीचा एक सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप (यालाच ब्लोअरही म्हणतात), स्वस्तात मिळाला. तो मर्सिडीजच्या ‘कॉम्प्रेसर’ गाडीतून काढलेला असल्याचे विक्रेत्याने सांगितले. पद्मिनीचे इंजिन कमी कॉम्प्रेशनचे (म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण कमी पटीने दाबणारे) असल्याने ते सुपरचार्जरसाठी आदर्श आहे, असे त्यांच्या एका मित्राचे म्हणणे आहे, आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून ब्रॅकेट व पुली करून घेतली की काम होईल, असा त्यांचा स्वतःचा अंदाज आहे. वडील इंजिनाला हात लावू द्यायला तयार नाहीत. ‘हे काम करावे का, करायचे तर सुरुवात कुठून करावी आणि वडिलांना कसे समजवावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातला उत्साह मला मनापासून आवडला, म्हणून माझे मत आधीच सांगतो. हा ब्लोअर वाया घालवू नका, पण तो वडिलांच्या पद्मिनीला बसवू नका. यामागची कारणे सविस्तर लिहितो, कारण जिप्सी, एस्टीम किंवा अँबॅसिडर जपणाऱ्या इतर वाचकांच्या मनातही अशीच कल्पना घोळत असते आणि त्यांच्याही हाती असा एखादा स्वस्त ब्लोअर केव्हातरी लागतोच.

सुरुवात पसरणी घाटापासून करू, कारण तुमची खरी तक्रार तिथे आहे. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन कारखान्यातून बाहेर पडताना सुमारे ४० अश्वशक्तीचे होते आणि गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास होते. त्यात चार माणसे आणि सामान भरले की तिसऱ्या गियरवर घाट चढणे नव्या गाडीलाही जड जात असे. दुसरा टाकून सावकाश चढणे हीच तेव्हाची रीत होती. शिवाय पाचगणीला पोहोचेपर्यंत तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर येता. तिथली हवा विरळ असल्यामुळे साधे इंजिन तिथे आपली साधारण आठव्या हिश्शाची ताकद गमावते. विमानांच्या इंजिनांना सुपरचार्जर लावण्याची गरज पडली ती याच कारणाने. ही तूट कोणत्याही दुरुस्तीने भरून येणारी नाही. मात्र तिच्याखेरीज वयोमानाने तुमच्या इंजिनाने आणखी किती ताकद गमावली आहे, याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच आढळत नाही. गाडी सुस्थितीत आहे असे तुम्ही लिहिता, पण इंजिनाची सुस्थिती मोजावी लागते, आणि ती मोजल्याचे दिसत नाही.

ते मोजमाप फार खर्चाचे नाही. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि चांगल्या चार्ज असलेल्या बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजवर मोजून लिहून ठेवा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे लागेल. त्यानंतर प्लगना ठिणगीचा प्रवाह वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर उघडा. माझ्या मते घाटात न ओढणाऱ्या जुन्या गाड्यांचा दोष अनेकदा इथेच सापडतो, आणि इथेच सर्वात कमी पाहिले जाते. रोटर बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने किंचित वळवून सोडा. आतल्या वजनांच्या स्प्रिंगांनी तो चटकन मागे यायला हवा. तो वळवलेल्या जागीच राहिला किंवा आळसावून परतला, तर वजने गंजाने आणि वाळलेल्या ग्रीसने अडकली आहेत आणि वेग वाढला तरी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे सरकत नाही, असे समजावे. व्हॅक्यूमची नळी असेल तर ती तोंडात धरून ओढा आणि आतली पट्टी हलते का ते पाहा. ती न हलता नुसतीच हवा येत राहिली, तर पडदा फाटला आहे. टॅपेटची फट, घसरणारा क्लच आणि ड्रमला घासून चालणारे ब्रेक हेही याच फेरीत पाहून घ्यावेत.

हे सगळे सुपरचार्जरच्या आधी का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. समजा झिजेमुळे आणि बिघडलेल्या टायमिंगमुळे तुमचे इंजिन ४० ऐवजी तीस-बत्तीसच अश्वशक्ती देत आहे. या इंजिनावर बेताच्या दाबाने, म्हणजे ५ पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास चालवलेला ब्लोअर, तो फिरवण्यात खर्च होणारी ताकद वजा जाता, तुम्हाला आठ-दहा अश्वशक्ती मिळवून देईल, असा माझा हिशेब आहे. चांगले ओव्हरहॉल केले तर जवळपास तितकीच ताकद परत मिळते, आणि त्यासाठी इंजिनावर कोणताही नवा ताण येत नाही. उलट झिजलेल्या इंजिनावर ब्लोअर चढवला, तर रिंगांमधून क्रँककेसमध्ये उतरणारा वायू वाढतो, ऑइल बाहेर फेकले जाते आणि जे हेड गॅस्केट आणखी पाच वर्षे टिकले असते ते पहिल्याच उन्हाळ्यात जाते. तेव्हा ओव्हरहॉल तुम्हाला टाळता येणार नाही. ब्लोअर लावायचा असेल तर ते आधी लागेल आणि नसेल लावायचा, तर कदाचित तेवढ्यानेच तुमचे काम होईल.

तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात बाहेरून दाब देण्यास वाव जास्त असतो, हे खरे. साडेसातच्या घरातले कॉम्प्रेशन आणि ५ पीएसआयचा दाब यांचा एकत्रित परिणाम ढोबळमानाने दहाच्या कॉम्प्रेशनसारखा होतो आणि साध्या पेट्रोलवर तो कसाबसा निभावता येतो. पण हा हिशेब थंड हवेचा आहे. ईटनचा हा ब्लोअर रूट्स जातीचा, म्हणजे दोन फिरत्या रोटरांनी हवा पुढे ढकलणारा असतो आणि रूट्स जातीचे ब्लोअर हवा दाबताना ती बरीच तापवतात. ५ पीएसआयला, ही हवा थंड करणारा इंटरकूलर नसताना, हवेचे तापमान सुमारे चाळीस अंशांनी वाढते. म्हणजे वैशाखातल्या दुपारी ऐंशीच्या घरातली हवा सिलिंडरमध्ये जाते. कार्ब्युरेटर आधी असल्यास पेट्रोलची वाफ होताना तिला काहीसा थंडावा मिळतो, पण त्यावर विसंबता येत नाही. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा पुरते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. याचाच अर्थ, जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) चालणारी तुमची गाडी आजही मूळ हिशेबापेक्षा सात-आठ टक्के कमी इंधनावर चालते आहे. एरवी त्याने फक्त थोडी ओढ कमी होते, पण दाबाखाली, गरम हवेत आणि पुढे सरकलेल्या टायमिंगवर तेच पातळ मिश्रण नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांना, कारण होते. घाटात तिसऱ्या गियरवर, पाय खाली दाबलेला, इंजिनाचा वेग कमी, अशा अवस्थेत हे नॉकिंग पुष्कळदा गाडीच्या आवाजात बुडून जाते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडेपर्यंत काही कळत नाही. तुम्हाला जिथे ब्लोअरची मदत हवी आहे, नेमकी तीच जागा या इंजिनासाठी सर्वात धोक्याची आहे.

क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, मुद्दाही मित्राच्या नजरेतून सुटला आहे. फियाट ११००च्या या इंजिनात क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत. अँबॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचेही तसेच. एस्टीम आणि जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनांत ती पाच आहेत, म्हणून ही इंजिने असा भार अधिक चांगला सोसतात. तीन बेअरिंगच्या इंजिनांवर ब्लोअर बसतच नाहीत, असे मात्र नाही. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये मॉरिस मायनरसारख्या छोट्या गाड्यांना शोरॉकचे ब्लोअर लावले जात आणि ती इंजिने बेताच्या दाबावर चालतही असत. पण त्या वेळी ती इंजिने नवी होती आणि त्यांचे सुटे भाग दुकानात मिळत होते.

आता खुद्द ब्लोअरकडे वळू. विक्रेत्याचे सांगणे बाजूला ठेवून आधी तो नेमका कोणता आहे, हे त्याच्या अंगावरच्या आकड्यांवरून ठरवा. ईटनच्या या मालिकेत नावातला आकडा म्हणजे एका फेऱ्यात ढकलली जाणारी हवा, घन इंचांत. एम ४५ असेल तर ती सुमारे ७३७ सीसी आणि एम ६२ असेल तर सुमारे १,०१६ सीसी होते. तुमचे १०८९ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात जास्तीत जास्त ५४५ सीसी हवा घेऊ शकते. म्हणजे एम ४५ क्रँकच्याच वेगाने फिरवला, तरी तो गरजेपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक हवा ढकलणार आणि दाब पाच ते सात पीएसआयपर्यंत जाणार. एम ६२ तर जवळपास दुप्पट हवा देईल. मूळ गाडीत हे ब्लोअर क्रँकपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने फिरवले जातात, म्हणून त्यांच्या नाकावरची पुली छोटी असते. तीच पुली ठेवून लेथवाल्याने मापाशिवाय क्रँकची पुली बनवली, तर इंजिन पहिल्याच दिवशी फुटू शकते. तुम्हाला ब्लोअरवर मोठी पुली लागेल आणि तिचा व्यास वरच्या हिशेबातून काढावा लागेल. एम ६२ निघाला, तर तो या इंजिनासाठी मोठाच आहे. तो एखाद्या दोन लिटरच्या इंजिनवाल्याला विकावा, हे उत्तम.

जुना ब्लोअर तपासण्याची पद्धत सोपी आहे. पुली हाताने फिरवा. ती मऊ आणि एकसारखी फिरली पाहिजे, कुठेही खरखर किंवा अडखळ जाणवता कामा नये. आतले दोन रोटर एकमेकांना किंवा कवचाला स्पर्श करत नाहीत. त्यांच्यातले अंतर राखण्याचे काम गियर सांभाळतात. म्हणून हवा बाहेर पडण्याच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकून रोटरच्या कडा पाहा. त्यांवरचा लेप एका रेषेत घासला गेला असेल आणि कवचावरही त्याच जागी चकाकणारा चरा असेल, तर बेअरिंग गेले आहेत. पुढच्या भागात गियरचे वेगळे ऑइल असते. त्याचा बोल्ट उघडून थोडे ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. काळपट आणि जळका वास येणारे ऑइल बदलता येते, पण त्यात चंदेरी कण चमकत असतील तर गियरची झीज झाली आहे आणि असा ब्लोअर दुरुस्तीशिवाय लावू नये. भरताना सुपरचार्जरसाठीचेच ऑइल वापरा, इंजिन ऑइल टाकू नका. पुली हलवताना नाकात खडखड ऐकू आली, तर आतला जोड झिजला असण्याची शक्यता आहे. तो स्वतंत्र मिळतो आणि फार महाग नसतो.

बसवण्यातल्या अडचणी मी थोडक्यात लिहितो, कारण त्या प्रत्येक इंजिनात वेगळ्या असतात. पद्मिनीचा एकेरी व्ही-पट्टा पाण्याचा पंप आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवतो. त्याच्यावर ब्लोअरचा भार टाकला तर तो घसरेल आणि पाण्याचा पंपही मंदावेल. त्यामुळे ब्लोअरला बारीक खाचांचा वेगळा पट्टा, ताणपुली आणि क्रँकवर अचूक मध्यात बसलेली दुसरी पुली लागते. ब्रॅकेट जाड आणि कमीत कमी तीन ठिकाणी धरलेले हवे, नाहीतर कंपनाने त्याला चीर जाते. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी ठेवणे तुलनेने सोपे असते. पण त्यात पेट्रोलमिश्रित हवा संपूर्ण ब्लोअरमध्ये भरलेली राहते, म्हणून बॅकफायर झाल्यास दाब बाहेर सोडणारी झडप लावल्याशिवाय इंजिन सुरूसुद्धा करू नये. कमी भारावर हवा परत फिरवणारी बायपासची झडप मूळ गाडीत असते. बाजारातून घेताना ती वेगळी काढून घेतलेली नाही ना, ते पाहावे. टायमिंग प्रत्येक पीएसआयमागे सुमारे एक अंश मागे घ्यावे लागते आणि मिश्रण योग्य आहे की नाही, हे एक्झॉस्टमध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बसवून मीटरवर पाहावे लागते. प्लगच्या रंगावरून अंदाज बांधणे दाबाच्या इंजिनात पुरेसे नसते. आणि थांबण्यासाठी तुमच्याकडे चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत, तेही पायाचा जोर वाढवणाऱ्या सर्व्होशिवाय, याचा विचार कोणत्याही वाढीव ताकदीआधी झाला पाहिजे.

एवढ्यावर थांबून मी ‘मग सावकाश करा’ असे म्हटले असते, पण कायदा तसे म्हणू देत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनमालकाला करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ अधिक ठामपणे मांडला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलाकडे बोट दाखवेल. यात ‘मालक’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नोंदणी पुस्तकावर तुमच्या वडिलांचे नाव आहे. प्रयोग तुम्ही कराल आणि उत्तर द्यावे लागेल त्यांना. त्यांच्या नकाराला तुम्ही जुन्या माणसाचा हट्ट म्हणून बाजूला सारता आहात, असे पत्रावरून वाटते. मला मात्र तो पूर्णपणे रास्त वाटतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगतो. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना २०२१ पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येते; क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. अशा नोंदणीवर रोजच्या वापराला मनाई असते, त्यामुळे ती घ्यावीच असे माझे म्हणणे नाही. पण इंजिनात आणि बॉडीत मोठा फेरफार केलेली गाडी त्या दाराशीच अडते. हा पर्याय आज बंद करून टाकू नका.

मग ब्लोअरचे काय करायचे? दुसरे इंजिन घ्या. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींची शेवटची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि त्यांची इंजिने व सुटे भाग जुन्या बाजारात शोधले तर सापडतात. सीएनजीवर चाललेले इंजिन असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकी आवर्जून तपासा. ते इंजिन लोखंडी स्टँडवर, रेडिएटर, पेट्रोलची छोटी टाकी आणि गेज यांसह उभे करा. रिबोअर, नवे बेअरिंग, नवे गॅस्केट या सगळ्या गोष्टी त्याच्यावर करा, इथेनॉल सोसणारे होज लावा, आणि आधी ते ब्लोअरशिवाय ठणठणीत चालवा. त्यानंतर ब्लोअर बसवून दोन-तीन पीएसआयपासून सुरुवात करा. काम मोकळ्या हवेत, पट्ट्यावर जाळीचे आवरण लावून आणि आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवूनच करावे. या इंजिनाकडून तुम्ही पुलीचे प्रमाण, जेटिंग आणि टायमिंग शिकाल. ते फुटले तरी वडिलांची गाडी अंगणात शाबूत असेल. पुढे ट्रॅकवरच्या स्पर्धांची इच्छा झाली, तर ज्या वर्गात उतरायचे त्याचे तांत्रिक नियम आधी वाचा. कोणत्या वर्गात ब्लोअर चालतो आणि कोणत्यात नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते, आणि गाडी बनवून झाल्यावर ते वाचण्यात अर्थ नसतो. एस्टीम किंवा जिप्सीवाल्या वाचकांनीही हीच वाट धरावी. त्यांच्या एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनच्या) इंजिनांत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचा संगणक नव्याने ट्यून करावा लागतो, एवढाच मुख्य फरक.

वडिलांशी बोलताना ब्लोअरचा विषय काढू नका. ‘कॉम्प्रेशन मोजून घेऊ आणि डिस्ट्रिब्युटर साफ करू’ एवढेच म्हणा; आपल्या गाडीची ओढ परत यावी, याला कोणताही जुना पद्मिनीवाला नाही म्हणणार नाही, आणि तपासणीच्या वेळी त्यांना शेजारी बसवा, कारण या गाडीने केव्हा काय मागितले, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. चारही सिलिंडरचे आकडे आणि ब्लोअरवरचा क्रमांक मला कळवा. इंजिन ओव्हरहॉलला काढावे की नुसत्या टायमिंगवर आणि जेटवर भागेल, हे मला त्यावरून सांगता येईल. तोवर ब्लोअरची दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने घट्ट बंद करून, तो कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा पुली हाताने काही फेरे फिरवत जा.